कमिटीला शिसारी येते

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत इंग्रजी नोटीस लावायची असली की ती तपासायला माझ्याकडे येते, आणि तीही भर दुपारी. परवा अडीचला बेल वाजली. दारात सेक्रेटरी काका, हातात कागद. पोस्टमन असता तर निदान लगेच गेला असता.

विषय मेंटेनन्स वाढवण्याचा. पहिल्याच ओळीत काकांनी 'लोद' (loathe) ठोकून दिला होता.

"काका, मेंटेनन्स वाढवायची कमिटीला शिसारी येते, असं होतंय हे. तुम्हाला 'लोथ' (loath) हवाय. शेवटचा ई उडवा."

"कॉम्प्युटरने लाल रेघ नाही मारली!"

कशी मारेल? दोन्ही शब्द खरे. ई असलेलं क्रियापद, म्हणजे तिटकारा करणं. बिन-ईचं विशेषण, त्याच्यामागे टू आणि मग काय करायचं नाहीये ते. उच्चारही वेगळे, ब्रेथ आणि ब्रीदसारखे. काकांना क्रियापद पटलं, विशेषण पटेना. तेवढ्यात आई आतून म्हणाली, "माळा आवर म्हटलं की याला जे होतं ना, ते!" हा खुलासा कुठल्याही डिक्शनरीपेक्षा सरस होता, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागलं.

मूळ दोघांचं एकच, जुन्या इंग्रजीतलं, आणि चांगलंच जहाल: वैरी, घृणास्पद. विशेषण शतकानुशतकं वापरून निवळलं आणि नुसतं जिवावर येण्यापुरतं उरलं. क्रियापदाचा राग अजून गेलेला नाही.

"त्यापेक्षा सरळ 'रिलक्टंट' लिहा ना," मी म्हटलं. "लॅटिनमधून आलाय. कुस्ती खेळणं, झुंजणं, तिथून."

"कुस्ती मला नका सांगू. चौथ्या मजल्यावर थकबाकी मागायला मी जातो," काका म्हणाले. "आणि रिलक्टंट काय, कुणीही लिहितं."

चहा झाला, दुसरा झाला. संध्याकाळी लिफ्टमध्ये नोटीस लागली, 'लोथ'सकट, अगदी निर्दोष.

सकाळी पाहतो तर कुणीतरी निळ्या बॉलपेनने त्यापुढे ई जोडलेला. खाली बारीक अक्षरात: 'कृपया स्पेलिंग तपासून नोटीस लावावी.'

काका खवळले. सीसीटीव्ही बघून माणूस शोधायचाच म्हणाले. पण लिफ्टमधला कॅमेरा दिवाळीपासून बंद आहे. दुरुस्तीला पैसे नाहीत, म्हणून तर मेंटेनन्स वाढवायचाय.