सोबतीने पाय निघतो

पुण्यातल्या बहिणीशी बोलताना हल्ली एक विषय हमखास निघतो : त्यांच्या बागेत महापालिकेने बसवलेली व्यायामाची साधने गंजली आहेत, ती दुरुस्त करावीत की नवी आणावीत? २०१९ मध्ये ‘फिट इंडिया’ मोहीम सुरू झाली, तरी आपली चर्चा साधने, घोषणा आणि मोबाइलमध्ये मोजलेली पावले यांच्यापलीकडे फारशी गेलेली नाही, असे मला इथे इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये राहून प्रकर्षाने जाणवते. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकातील अंदाजानुसार २०२२ साली भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते, स्त्रियांमध्ये तर हे प्रमाण सुमारे ५७ टक्के होते.

डॉक्टरांनी मला चालायला सांगितले होते, आणि तरीही दोन वर्षे मी घराबाहेर पडले नाही. पडले ते शेजारच्या गुजराती बाईंमुळे. त्या माझ्याच वयाच्या, गुडघेही माझ्यासारखेच कुरकुरणारे. ‘शनिवारी साडेआठला तुमच्या दाराशी येते,’ एवढेच त्या म्हणाल्या. आम्ही ‘पार्करन’ला गेलो. २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनच्या बुशी पार्कमध्ये तेरा धावपटूंनिशी सुरू झालेला हा पाच किलोमीटरचा साप्ताहिक उपक्रम विनामूल्य आहे, तो स्वयंसेवक चालवतात आणि त्यात चालत जाण्यालाही पूर्ण मान आहे. सर्वांत मागे एक स्वयंसेवक मुद्दाम चालतो, त्यामुळे शेवटचे येण्याची वेळ कोणावरच येत नाही. त्या पहिल्या शनिवारी मी त्याच्याशी गप्पा मारत पोहोचले, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा गेले.

इथले रुंद पदपथ आणि मोकळी हिरवळ उचलून पुण्याला नेता येणार नाही, हे मला मान्य आहे. पण सोबतीची परंपरा आपल्याकडे आहेच. १९९५ साली मुंबईत पहिला हास्यक्लब अवघ्या पाच जणांनी सुरू केला. पर्वतीवर आणि टेकड्यांवर वर्षानुवर्षे एकत्र चढणारे गट आहेत. मात्र सकाळी सहाला डबे करणारी सून किंवा पायऱ्यांची धास्ती घेतलेली बाई त्या गटांत क्वचितच दिसते, कारण तिला सोयीची वेळ विचारून बोलवायला कोणी जात नाही. तिच्यासारख्याच बाईने जायला हवे, कारण प्रशिक्षकाला पाहून ती आणखी संकोचते. साधनांच्या निधीतला थोडा भाग प्रत्येक प्रभागात अशा बायकांना मानधन देण्यासाठी ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

बहिणीला मी हेच सांगितले. काल तिने खालच्या मजल्यावरच्या दोघींना, डबे गेल्यावर साडेदहाला निघू या का, असे विचारले आहे.