बुगडीवाल्या आजींच्या फोटोखालचा मेसेज

गेल्या आठवड्यात मावशीने घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. वर नऊवारीतल्या, कानात बुगडी घातलेल्या आजीबाईंचा फोटो. खाली मजकूर असा: कान वरच्या बाजूला टोचला की मायग्रेन कायमचा जातो, आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होतं, कान टोचायच्या गनने टोचलं की इन्फेक्शन होतच नाही, हळद-खोबरेल लावा, कानातलं रोज फिरवा, पू आला तर घाबरू नका, शरीर घाण बाहेर टाकतंय, अँटिबायोटिकच्या नादी लागू नका, आणि नाहीच मानवलं तर काढून टाका, भोक बुजतं. शेवटी हात जोडलेले चार इमोजी.

मावशीने माझा डावा कान पाहिलेला आहे. तरीही तिने हे पाठवलं, म्हणजे वाचलं नसणार. म्हणून एकेक मुद्दा घेते.

गनपासून सुरुवात करते, कारण माझी सुरुवात तिथूनच झाली. भर पावसाळ्यात, ठाण्यातल्या राममारुती रोडजवळच्या एका छोट्या दुकानात मी डावा कान वरच्या बाजूला टोचून घेतला. 'खडा सीलबंद पाकिटातून काढतो, ताई, टेन्शन नाही,' असं तिथला मुलगा म्हणाला आणि खरंच माझ्यासमोर पाकीट फोडलं. खडा निर्जंतुक असेलही. पण गन? ती प्लास्टिकची होती. अवजारं खरोखर निर्जंतुक करायची तर ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांची दाबाखालची वाफ द्यावी लागते, त्यात अशी गन टिकत नाही. मग ती नुसती स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची. पुसणारा हातही तोच, ज्याने आधी गल्ल्यातले सुटे मोजले.

बाटलीतल्या औषधाचाही भरवसा धरू नये. २००० साली अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात कान टोचणाऱ्या एका स्टॉलवरून बऱ्याच जणांना स्यूडोमोनस नावाच्या जिवाणूची लागण झाली. शोध घेतला तर तो जंतुनाशकाच्याच फवाऱ्याच्या बाटलीत सापडला. आणि तपासणीत पक्की ठरलेली सगळी प्रकरणं कानाच्या वरच्या भागाची होती.

तो वरचा भाग म्हणजे कूर्चा, मऊ, लवचीक हाडासारखी. मेसेजमधली निम्मी वाक्यं कानाच्या पाळीबद्दल ठीक असतील, ती तशीच्या तशी कूर्चेला चिकटवली आहेत, हीच खरी गोची आहे. पाळी म्हणजे चरबी आणि कातडी. रक्त भरपूर, त्यामुळे जखम लवकर भरते. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठाच नसतो. तिला घट्ट चिकटलेलं एक पातळ आवरण असतं, त्यातून झिरपेल त्यावर ती जगते. त्यात गनचा खडा बोथट, स्प्रिंगच्या जोराने कूर्चेतून ठोकला जातो. सुईसारखा कापत जात नाही. वर त्याची दांडी आखूड. सूज आली की मागचं लॉक कातडीत रुततं. एकदा वापरून फेकायच्या कार्ट्रिजच्या गनही आता मिळतात. त्यांनी एकाचं रक्त दुसऱ्याला लागण्याचा धोका कमी होतो, पण ठोकणं ते ठोकणंच.

'आजीने बुगडी घातली, तिला काय झालं?' हा प्रश्न आईनेही मला विचारला होता, आणि तो वाटतो तितका भाबडा नाही. बुगडीचं भोक वरच्या कडेलाच असतं, पुरुषांची भिकबाळीही वरच. पण घरी येणारा सोनार बारीक, टोकदार सोन्याची तार हळूच पार करायचा आणि तिचंच सैल कडं वळवून ठेवायचा. सुजेला जागा राहायची. सोनारानेच कान टोचावे म्हणतात ते उगाच नाही. त्या बाबतीत जुना सोनार माझ्या गनवाल्या पोरापेक्षा उजवाच होता. (त्याचे हात किती स्वच्छ होते, ते देव जाणे.) शिवाय जिचा कान तेव्हा सुकून वेडावाकडा झाला, तिचा फोटो कोण कशाला फॉरवर्ड करेल?

पूर्वजांचं म्हणाल तर सुश्रुतालाच विचारू. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला सोळावा अध्याय कान टोचण्यावर आहे. बाळाला सहाव्या किंवा सातव्या महिन्यात घ्यावं, कान ओढून धरावा, आणि उन्हात जिथून उजेड आरपार दिसतो त्या 'दैवकृत छिद्रा'त टोचावं, असं तो सांगतो. आरशासमोर मोबाइलचा टॉर्च कानामागे धरून बघा, उजेड कुठून लाल होऊन येतो ते. पाळीतून! पुढे तो हेही सांगतो की चुकीच्या जागी कालिका, मर्मरिका किंवा लोहितिका ही शीर विंधली गेली तर ताप, दाह, सूज, गाठी, मान आखडणं असे त्रास होतात. 'काही होत नाही' असं म्हणणारा पूर्वज तरी हा नव्हे.

मायग्रेनचं थोडक्यात आटोपते. ज्यातून ऐकू येतं त्या भोकाच्या अगदी वरची घडी टोचली की डोकेदुखी जाते, असं म्हणतात. ते दाखवून देणारी धड चाचणी झालेली नाही. मायग्रेन मुळात येतो-जातो. अगदी टेकीला आल्यावर माणूस काहीतरी करतो आणि पुढचे काही दिवस तसेही बरे जातात. माझा तर गेला नाहीच.

आता पू. टोचल्यावर सुरुवातीला पातळ, पिवळसर पाणी येतं आणि वाळून खपली धरते. ते चालतं. मला चौथ्या दिवशी कान ठणकायला लागला, सहाव्या दिवशी उशीला टेकवेना. मी मेसेजमधलं सगळं केलं होतं हो: डब्यातली हळद, खोबरेल, सकाळ-संध्याकाळ फिरवणं. स्वयंपाकाची हळद निर्जंतुक नसते, तेल भोकाच्या तोंडाशी सगळं कोंडून ठेवतं, आणि फिरवलं की आत नुकती धरू पाहणारी कातडी फाटून खपली आत ओढली जाते. खरं तर मेडिकलमधल्या ०.९ टक्क्यांच्या सलाईनने, म्हणजे निर्जंतुक मिठाच्या पाण्याने, धुणं आणि हात न लावणं, एवढंच करायचं असतं. पाळी सहा-आठ आठवड्यांत भरते, कूर्चेला सहा महिने ते वर्षही लागतं. तेवढा काळ ठाण्याच्या लोकलमध्ये कुणाची बॅग कानाला न घासता जाणं हे वेगळंच दिव्य.

नेहमीच्या डॉक्टरांनी साधं अँटिबायोटिक दिलं, त्याने काही हललं नाही. मग नौपाड्यातल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेले. त्यांनी कानाकडे नुसतं बघितलं नाही, आधी पाळी चिमटीत धरली. 'दुखतंय?' नाही. मग बोट सरकवत वर नेलं आणि मी खुर्चीतून उठलेच. वरचा कान लालभडक, तुकतुकीत, कढत. पाळी मात्र जशीच्या तशी. 'कूर्चेचंच आहे,' ते म्हणाले, 'पाळीत कूर्चा नसते ना, म्हणून ती वाचते.' दुसऱ्या दिवशी चीर देऊन पू काढला. हिरवट होता. तपासणीत स्यूडोमोनसच निघाला, आणि आधीच्या गोळ्या त्याच्यावर चालतच नाहीत. सिप्रोफ्लॉक्सासिन हे दुसरं अँटिबायोटिक सुरू झालं. आवरण आणि कूर्चा यांच्यामध्ये पू साठला की कूर्चेची रसदच तुटते, म्हणून इथे एकेक दिवस महागात पडतो. 'अँटिबायोटिकच्या नादी लागू नका' लिहिणाऱ्याला हा हिशेब कुणीतरी दाखवायला हवा. आणि खडा स्वतःच उपटून टाकणं हाही उपाय नाही. भोक वरून बुजतं आणि पू आतच अडकतो. काढायचा की ठेवायचा, ते डॉक्टर बघून ठरवतात.

राहिलं 'भोक बुजतं'. माझं बुजलं, अगदी दिसतही नाही. मेलेला कूर्चेचा तुकडा मात्र परत आला नाही. कानाची वरची कड आत दुमडली आहे, मोदकाची पाकळी नीट न दाबल्यासारखी. गेल्या महिन्यात गोखले रोडवर नवीन चष्मा घेतला, तर तो डावीकडे सारखा घसरायचा. दुकानातल्या काकांनी माझ्या कानाकडे एकदा पाहिलं, काही न विचारता चष्म्याची डावी काडी गरम केली आणि चार वेळा घालून-काढून, वाकवून बसवून दिली.