गोळीत डोपामाइन नसतं

एक मेसेज सध्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांपासून आमच्या सोसायटीच्या ग्रुपपर्यंत फिरतोय. ‘एडीएचडीची गोळी मेंदूत डोपामाइन भरते. कुणीही घेतली तरी अभ्यास दुप्पट होतो. मुळात ते कोकेनच आहे, फक्त चिठ्ठीवर मिळणारं.’ (एडीएचडी म्हणजे लक्ष टिकत नाही, चंचलपणा फार असतो असा विकार; डोपामाइन म्हणजे मेंदूतल्या पेशींचे निरोप पोचवणारं रसायन.) परवा एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या एका मुलाने माझ्या काउंटरवर मोबाइल पुढे केला, “काका, ही गोळी द्या.” त्याच संध्याकाळी ओळखीच्या एक ताई आल्या. मुलाची गोळी आजपासून बंद करू का, असं त्या घाबरून विचारत होत्या. एकाला हाव सुटली, दुसरीला धसका बसला, आणि दोन्हीचं मूळ एकच. मी मेडिकल चालवतो. हे खोडून काढणं मला माझं काम वाटतं.

डोपामाइन ‘भरते’ हेच मुळात चूक. एडीएचडीवर दिल्या जाणाऱ्या मिथाइलफेनिडेटच्या गोळीत डोपामाइनचा कणही नसतो. मेंदूतली एक पेशी डोपामाइन सोडते, शेजारची पेशी तो निरोप घेते आणि मग सोडणारी पेशीच ते परत आत ओढून घेते. या ओढून घेणाऱ्या प्रथिनाला डोपामाइन ट्रान्सपोर्टर म्हणतात. गोळी अडवते ती त्याला. ताईंना मी मोरीचं उदाहरण दिलं. नळ आहे तेवढाच चालू आहे, पण मोरीच्या तोंडाशी बोळा अडकला की पाणी जरा जास्त वेळ थांबतं. नळ मेंदूचाच, पाणीही त्याचंच. नॉरॲड्रेनालिन या दुसऱ्या निरोप्या रसायनाची परतीची वाटही ही गोळी अशीच अडवते, आणि लक्ष टिकण्यात त्याचाही वाटा आहे.

एडीएचडीवरचंच दुसरं औषध म्हणजे ॲम्फेटामाइन. त्याची तऱ्हा वेगळी. ते ट्रान्सपोर्टरमधूनच पेशीत शिरतं, आतल्या पिशव्यांत साठवलेलं डोपामाइन मोकळं करतं आणि ट्रान्सपोर्टर उलटा चालायला लावतं. पावसाळ्यात ड्रेनेज तुंबलं की मोरीतून पाणी घरात येतं ना, तसं. सगळी उत्तेजकं एकाच माळेचे मणी नाहीत.

कोकेनच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, म्हणून तो जास्त पटतो. कोकेनही हाच ट्रान्सपोर्टर अडवतं. मेंदूसंशोधक नोरा व्होल्कोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेट स्कॅन (मेंदूत आत काय चाललंय ते दाखवणारी तपासणी) करून पाहिलं, तर उपचाराच्या डोसमध्ये गिळलेली मिथाइलफेनिडेटची गोळीही निम्म्याहून जास्त ट्रान्सपोर्टर अडवत होती. मग फरक कुठे? वेगात. शिरेतून दिलेलं कोकेन काही मिनिटांत मेंदूत भरून जातं, गिळलेल्या गोळीला तासभर किंवा जास्त लागतो. नशा चढते ती त्या झपाट्यामुळे. म्हणूनच हीच गोळी कुटून नाकाने ओढणं घातक: जो संथपणा तिला औषध ठेवतो, तोच त्यात जातो.

आता ‘दुप्पट अभ्यास’. 2023 मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी 40 निरोगी तरुणांना मिथाइलफेनिडेट, डेक्सॲम्फेटामाइन (ॲम्फेटामाइनचाच एक प्रकार) आणि मोडाफिनिल (जागं ठेवणारं औषध) वेगवेगळ्या वेळी देऊन अवघड कोडी सोडवायला लावली. मुलं जास्त वेळ झटली, पण त्यांच्या कामाचा दर्जा घसरला. मेहनत वाढली, अक्कल नाही. त्या मुलाला हे सांगितलं तेव्हा कळलं, तो महिनाभर रात्री चारच तास झोपतोय. त्याला गोळीची नाही, झोपेची गरज होती, आणि ते मी त्याला तोंडावर सांगितलं.

शिवाय मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या सरकारी यादीत येतं. त्यासाठी वेगळा परवाना लागतो, माल कुलपात ठेवावा लागतो, डॉक्टरची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानाने दोन वर्षं जपून ठेवायची असते. माझ्याकडे तो परवाना नाही. ज्या दुकानात ही गोळी बिनचिठ्ठीची मिळते, तिथे पुन्हा पाऊल टाकू नये.

ताईंनी काउंटरवरूनच डॉक्टरांना फोन लावला. गोळी चालू ठेवा, शनिवारी मुलाला वजन आणि बीपी बघायला घेऊन या, असं त्यांनी सांगितलं. भूक मंदावणं, झोप उशिरा लागणं हे या गोळीचे खरे त्रास. त्यांच्याबद्दल त्या मेसेजमध्ये एक ओळही नव्हती.