आरी ज्याच्या हातात, संशोधन आधी त्याच्यापर्यंत पोचू द्या

वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड पट्ट्यात संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी आटोपली की बगीच्यात सल, म्हणजे वाळलेल्या काड्या-फांद्या, काढणारी माणसं उतरतात. झाडाच्या निगेचं वर्षातलं सगळ्यात मोलाचं काम तेव्हा होतं, आणि ते करणाऱ्या माणसाला आपण सगळ्यात कमी माहिती देतो. खत कोणतं, फवारा कोणता, पाण्याचा ताण किती दिवस, यावर पारावर रोज चर्चा झडते. आरी नेमकी कुठे टेकवायची यावर कोणी बोलत नाही. झाडाच्या निगेवरचं संशोधन आपण बागायतदारांनी पैसे देऊन, झाडं देऊन, नोंदी ठेवून उभं केलं पाहिजे, आणि त्यातून जे कळेल त्याचा पहिला हक्क सल काढणाऱ्या मजुराचा असला पाहिजे, हे माझं ठाम मत आहे.

सल काढणं दिसतं तेवढं सोपं नाही. वाळलेली काडी जिथे संपते तिथेच कापली तर काम अर्धवट राहतं, कारण शेंडेमर करणारी बुरशी वाळलेल्या भागाच्या पुढे, हिरव्या भागात आधीच शिरलेली असते. काप हिरव्या भागात दोनेक सेंटिमीटर आत घ्यावा लागतो. कापलेल्या तोंडावर तपकिरी डाग दिसला तर आणखी खाली जायचं, लाकूड स्वच्छ दिसेपर्यंत. पेन्सिलीएवढ्या काडीला सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, पुरते, अंगठ्यापेक्षा जाड फांदीला आरीच हवी. विळ्याचा किंवा कुऱ्हाडीचा घाव पडला की साल चिरते, लाकूड फाटतं आणि त्या फटीत पावसाळाभर पाणी मुरतं.

जाड फांदीचं गणित वेगळं. फांदी खोडाला जिथे जोडलेली असते तिथे बुडाशी फुगीर कडं असतं, बोट फिरवलं तर हाताला लागतं. काप या कड्याच्या लगेच बाहेर घ्यायचा. खोडाला घासून कापलं तर कडं निघून जातं, जखम विनाकारण मोठी होते आणि ती झाकणारा भागच आपण फेकून दिलेला असतो. उलट वीतभर खुंट ठेवला तर तो वाळतो आणि त्याच वाटेने कूज खोडात उतरते. वजनदार फांदी तीन कापांत उतरवायची असते. पहिला काप खोडापासून फूटभर अंतरावर, खालून वर, जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. दुसरा त्याच्या दोन-तीन बोटं बाहेर, वरून खाली. फांदी सुटते, पण साल सोलत खोडापर्यंत येत नाही. उरलेला खुंट तिसऱ्या कापात कड्यापाशी काढायचा. या तिसऱ्या कापाला दोन मिनिटं जास्त लागतात. काम उक्त्यात दिलं की नेमकी हीच दोन मिनिटं वाचवली जातात. त्यात मजुराचा दोष नाही, झाडामागे दर आपण ठरवलेला असतो.

कड्याचं हे महत्त्व कळायला कोणाला तरी झाडं चिरून बघावी लागली. अमेरिकेच्या वनसेवेतले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं चेनसॉने उभी चिरली आणि कूज कुठून निघते, कुठे थांबते ते पाहिलं. १९७० च्या दशकात त्यांनी मांडलेली गोष्ट आज जगभर झाडांची निगा राखणाऱ्यांच्या कामाचा पाया आहे. झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड तो भाग बंद करून टाकतं: वर-खाली, आतल्या बाजूला, दोन्ही अंगांना, आणि जखमेनंतर तयार होणाऱ्या नव्या लाकडाच्या चौथ्या भिंतीने. ही चौथी भिंत सगळ्यात मजबूत. आत खराब झालेलं लाकूड झाड जगेल तोवर आतच राहतं. त्यामुळे घाव लहान ठेवणं आणि कडं शाबूत ठेवणं यापेक्षा मोठा उपाय नाही. जखमेवर फासलेल्या रंग-डांबराने कूज थांबत नाही, हेही याच अभ्यासातून पुढे आलं. आपल्याकडे मात्र रस्त्याकडेच्या लिंबाची (कडुलिंबाची) फांदी तोडली की त्यावर डांबर किंवा ऑइल पेंट फासण्याची पद्धत अजून चालू आहे.

मग संत्र्याला बोर्डो मलम, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, कशाला, असं कोणी विचारलं तर प्रश्न रास्त आहे. तिथे लढाई वेगळी आहे. फायटोप्थोरा ही बुरशी ओल्या मातीत राहते, पावसाच्या थेंबांबरोबर खोडावर उडते आणि डिंक्या, पायकूज घडवते. मोरचूदातलं तांबं तिच्या बीजाणूंना सालीवरच रोखतं. ताज्या कापावर लावलेला मलमही तिथे उतरणाऱ्या बुरशीला अटकाव करतो. लाकडात आधीच शिरलेली कूज मात्र त्याने बरी होत नाही. हा फरक मजुराला सांगितला तर डिंक पाझरणाऱ्या जागेवर नुसता मलम फासून तो पुढे जाणार नाही. आधी धारदार चाकूने सडलेली साल खरवडेल, ती माती-पाण्यात न टाकता गोळा करून जाळेल.

मलम बिघडतो तो बहुतेक वेळा बनवताना. प्रमाण १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. मोरचूद प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात ५ लिटर पाण्यात रात्री भिजत घालायचं. लोखंडी बादली घेतली तर तांबं बादलीलाच बसतं. चुना वेगळ्या ५ लिटर पाण्यात विरवायचा, गार होऊ द्यायचा, गाळायचा, मग दोन्ही एकत्र करत सतत ढवळायचं. हवेत पडून आधीच पीठ झालेला चुना इथे निकामी आहे, खडाच हवा. तयार मलमात लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून बघा. खिळ्यावर तांबूस थर आला तर मोकळं तांबं शिल्लक आहे आणि ते साल जाळेल. थर येणं थांबेपर्यंत चुन्याची निवळी थोडी थोडी घालत राहायची. मलम त्याच दिवशी संपवायचा. दुसऱ्या दिवशी तो खाली बसतो, सालीला नीट चिकटत नाही, आणि पावसाच्या पहिल्या सरीला वाहून जातो. खोडाला जमिनीपासून हात-सव्वा हात नव्हे, चांगला कमरेइतका, म्हणजे मीटरभर लावायचा: एकदा पावसाळ्याआधी, एकदा पावसाळा सरताना.

अवजारांकडे तर लक्षच जात नाही. एक्झोकॉर्टिससारखा विषाणूसदृश रोग एका झाडाच्या रसातून दुसऱ्या झाडात सिकेटरवाटे जातो, आणि स्पिरिटने पुसून तो जात नाही. १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण लागतं. ४-५ टक्क्यांचं बाजारातलं ब्लीच असेल तर एक भाग ब्लीच आणि चार भाग पाणी. एक झाड झालं की पातं बुडवायचं. उन्हात द्रावणाची ताकद उतरते, म्हणून दुपारी नवं करायचं, आणि संध्याकाळी पात्याला तेल लावायचं, नाहीतर हंगाम संपायच्या आत ते गंजतं.

या शिफारशी नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आणि अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांच्या कामातून आपल्यापर्यंत आल्या आहेत. बागायतदाराच्या फोनवर त्या पोचतात, आरी धरणाऱ्या हातापर्यंत पोचत नाहीत. शिवाय संशोधन एकदा करून संपत नाही. साल खाणाऱ्या अळीच्या छिद्रात डायक्लोरव्हॉसचा बोळा कोंबायचा, हा सल्ला वर्षानुवर्षं चालत आला. ते औषध देशात २०२० च्या अखेरीपासून बंद आहे. जुना सल्ला अजून तोंडोतोंडी फिरतोय, कारण नवा सांगायला कोणी शेताच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, आलं नाही.

संत्र्याला निदान संस्था आहे. धुऱ्यावरचा लिंब, गावातली चिंच, मोहा, वड, पिंपळ यांना कोण आहे? शायगोंनी चिरलेली झाडं थंड मुलखातली होती. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. फांदी काढल्यावर आतापर्यंत सावलीत असलेली साल अचानक उन्हात येते, भाजते, तडकते. लिंबावरचा मुठीएवढा काप झाकायला विदर्भाच्या कोरडवाहू जमिनीत किती पावसाळे लागतात? चाऱ्यासाठी दरवर्षी पाला कापलेला लिंब आणि एक वर्षाआड कापलेला लिंब, यात कूज कशात कमी? हे आपल्या रोजच्या कामातले प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं आपल्याच मातीत शोधावी लागतील. शेजारच्या तेलंगणात लिंबं शेंड्यापासून वाळू लागली तेव्हा पुष्कळांना वाटलं झाड मेलं. फोमोप्सिस बुरशी आणि सोबतीला रस शोषणारा ढेकूण, हे कारण अभ्यासातून कळलं. अशी अनेक झाडं पुन्हा फुटतात, हेही कळलं. हे माहीत असलेला माणूस कुऱ्हाड लावण्याआधी एक पावसाळा थांबतो.

आता मदत कशी करायची. सगळ्यात स्वस्त मदत म्हणजे झाडं देणं. ६ बाय ६ मीटरवर हेक्टरी २७७ झाडं बसतात, त्यातली २० अभ्यासाला दिली तर कोणाचा संसार अडत नाही. पण नीट द्या. एका ओळीला मलम आणि दुसऱ्या ओळीला नाही, असं केलं तर काहीच कळत नाही, कारण धुऱ्याजवळच्या ओळीला पाणीही वेगळं मिळतं आणि मातीही वेगळी असते. प्रत्येक झाडापाशी नाणं उडवा. छापा आला तर एक पद्धत, काटा आला तर दुसरी. झाडाला पत्र्याचा क्रमांक सैल तारेने बांधा, खिळा ठोकू नका. नोंदवहीत तारीख, झाडाचा क्रमांक, कापाचा व्यास, काप कोणी घेतला, मलम लावला की नाही. फोटो काढताना कापाशेजारी १० रुपयांचं नाणं धरा. ते २७ मिलिमीटरचं असतं, त्यामुळे जखमेचं माप फोटोतच येतं. दर सहा महिन्यांनी त्याच बाजूने पुन्हा फोटो. आणि सगळ्यात कठीण गोष्ट: ज्या झाडांना मलम लावायचा नाही असं ठरलं, त्यांना मध्येच दया येऊन लावू नका. तेवढ्याने सगळी मेहनत वाया जाते. वही आणि फोटो घेऊन कृषी विज्ञान केंद्रात गेलात तर शास्त्रज्ञाला हातात काहीतरी ठोस मिळतं.

पैशाचं म्हणाल, तर अमेरिकेत झाडांची निगा राखणारे लोक स्वतः सायकली चालवून संशोधनासाठी निधी जमवतात. ‘टूर दे ट्रीज’ नावाची ही सायकलफेरी १९९२ पासून चालत आली आहे, आणि ज्यांना त्या संशोधनाचा रोजच्या कामात उपयोग होतो तेच त्यात पायडल मारतात. आपल्याला सायकलच चालवायला हवी असं नाही. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी विकलेल्या प्रत्येक क्रेटमागे एक रुपया बाजूला काढला तरी सुरुवात होते. विदर्भात कोळसा, सिमेंट, विजेचे मोठे उद्योग आहेत. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि सार्वजनिक विद्यापीठांना किंवा भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संस्थांना संशोधनासाठी दिलेला पैसा त्यात धरता येतो. तो पैसा आज बहुधा रोपं लावण्यात दिसतो. २०१९ मध्ये राज्याचं लक्ष्य ३३ कोटी रोपांचं होतं. रोप लावण्याचा फोटो निघतो, दहा वर्षांनी त्याच झाडाची फांदी बरोबर कापल्याचा फोटो कोणी काढत नाही. ग्रामसभेत कंपनीचा माणूस आला की त्याला हे स्पष्ट विचारा: लावलेल्या झाडांच्या निगेवर, छाटणीच्या प्रशिक्षणावर, अभ्यासावर किती?

आणि या सगळ्यात आरीवाल्याचं काय? पहिली गोष्ट, सल काढण्याचं काम रोजाने द्या. दोघांची जोडी ठेवा: एक कापणारा, दुसरा मलमाचा डबा आणि ब्रश घेऊन मागे, म्हणजे काप ताजा असतानाच झाकला जातो. प्रशिक्षण ठेवलं तर त्या दिवसाचा रोज मजुराला मिळाला पाहिजे. हजेरी बुडवून कोण येईल? लिंब-चिंचेवर चढणाऱ्याला सुतळी किंवा नारळाच्या दोरावर सोडू नका. आयएस ३५२१ या भारतीय मानकाची खूण असलेला पूर्ण अंगाचा पट्टा घ्या, आणि आरी चालवताना दोन दोर दोन ठिकाणी बांधलेले हवेत, कारण आरीखाली स्वतःचाच दोर येऊ शकतो. तार झाडातून जात असेल तर वीजपुरवठा बंद झाल्याची लाइनमनकडून खात्री झाल्याशिवाय कोणी चढू नये. ओली फांदी वीज वाहते.

अपघात झाला तर खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एका व्यक्तीला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचा आधार आहे. झाडावर चढणारा बहुतेक वेळा भूमिहीन असतो, सातबाऱ्यावर त्याचं नाव नसतं, म्हणून तो त्यात बसत नाही. ही योजना झाडांवर काम करणाऱ्या मजुरांपर्यंत वाढवा, ही मागणी बागायतदारांच्या संघटनांनी स्वतः लावून धरली पाहिजे. तोवर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे: वय १८ ते ७०, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख. विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे असतं आणि हप्ता बँक खात्यातून आपोआप कापला जातो. आपल्या बगीच्यात येणाऱ्या प्रत्येकाचा फॉर्म या हंगामात भरून घ्या, २० रुपये आपण द्या, आणि मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात त्यांच्या खात्यात तेवढी शिल्लक आहे ना, हे एकदा विचारून घ्या.