फायकस बोन्सायच्या अभिप्रायाला आमच्या नर्सरीकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय वाचला, सोबतचे फोटोही मोठे करून पाहिले. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जूनमध्ये आमच्याकडून १८०० रुपयांना फायकसचा बोन्साय नेला. पंधरा दिवस झाड छान होतं, मग पानं पिवळी पडून गळायला लागली आणि महिन्याभरात निम्मं झाड उघडं पडलं. आम्ही रोगट झाड गळ्यात मारलं, बदलून द्यायला नकार दिला, म्हणून एक तारा दिलात आणि आता झाड टाकून देणार आहात. ताऱ्याचं राहू द्या, पण झाड टाकू नका. फोटोंवरून तरी ते मेलेलं वाटत नाही.

मैत्रिणीने नखाने खरवडून 'आतून वाळलंय' असं सांगितल्याचं तुम्ही लिहिलंय. फोटोत खरवडल्याची खूण दिसते ती फांदीच्या अगदी टोकाला. झाड संकटात आलं की टोकं आधी वाळतात. तिथून खाली या. थोडं थोडं खरवडत खोडापर्यंत पाहा. सालीखाली हिरवं दिसलं आणि पांढरा चीक आला, तर तिथपर्यंत झाड जिवंत आहे. आपला वड, उंबर, पिंपळ आणि हा फायकस एकाच कुळातले, चीक सगळ्यांना असतो. वाळकी काडी वाकवली की कट्कन मोडते, जिवंत काडी लवते. एवढं आज करून बघा.

आता रोगट झाडाबद्दल. हे झाड गेल्या पावसाळ्यापासून आमच्या शेडनेटखाली वाढत होतं आणि तुम्ही नेलं तेव्हा त्याची पानं गच्च होती, हे तुम्हीही लिहिलंय. नेल्यावर बदलली ती जागा. आमच्या जाळीखालचा उजेड आणि तुमच्या हॉलमधल्या टीव्हीच्या कपाटावरचा उजेड यांत खूप मोठा फरक आहे. आपले डोळे अंधुक उजेडाला पटकन सरावतात, त्यामुळे तो आपल्याला जाणवत नाही. झाडाला मात्र पहिल्या दिवसापासून कळतो. फायकस जागा बदलली की काही पानं टाकतोच. त्यातून यंदा जून-जुलैत ऊन फारसं पडलं नाही. उजेड कमी, पानं कमी, म्हणजे झाड पाणीही कमी पितं. तुम्ही पाणी मात्र रोज घालत राहिलात.

मे महिन्यात नर्सरीत उथळ ट्रेमधल्या झाडाला रोज पाणी लागतं, कधी दोनदाही. तेच झाड पावसाळ्यात घरात आलं की चार-चार दिवस माती ओली राहते. तुमच्या दुसऱ्या फोटोत ट्रे एका चकचकीत चिनी मातीच्या कुंडीत बसवलेला दिसतोय. त्या कुंडीला भोक नाही आणि तळाशी पाणी साचलंय. मातीवर हिरवं शेवाळ धरलंय. कुंडीभोवती चिलटं उडतात असंही तुम्ही लिहिलंय, ती माती कधीच वाळत नाही म्हणून येतात.

घरची हळद आणि द्राक्षबाग आहे, झाडं आम्हाला कळतात, असं तुम्ही म्हणता, आणि ते मला मान्य आहे. म्हणूनच तुम्हाला हे लगेच पटेल: सरीत पाणी तुंबलं की हळदीला कंदकूज लागते. ती आणणारी पिथियम बुरशी साचलेल्या पाण्यातच फोफावते. कुंडीतली मूळकूज त्याच जातीची. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीतल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, काळी पडतात, आणि मग भरपूर पाण्यात उभं असूनही झाड तहानलेलं दिसतं. ते पाहून आपण आणखी पाणी घालतो. पानं गळाल्यावर तुम्ही १९:१९:१९ या रासायनिक खताचा चमचा टाकलात, तेही आता थांबवा. कुजक्या मुळांना खत घेता येत नाही, उलट क्षार वाढून उरलेली मुळं भाजतात. ट्रेच्या काठावर दिसणारा पांढरा थर क्षारांचाच. तो खताचा असेल किंवा आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याचा.

झाड आमच्याकडे आणणं जमलं नाही तर घरीच असं करा. झाड ट्रेमधून अलगद सोडवा आणि मुळं वास घेऊन, दाबून पाहा. काळी, मऊ, आंबट वासाची मुळं स्वच्छ कात्रीने कापा. घट्ट, पांढरट-तपकिरी मुळं सगळी ठेवा. नवी भर घालताना बागेतली काळी माती अजिबात नको, ती ट्रेमध्ये चिकट होऊन बसते. विटांचे बारीक तुकडे, जाड वाळू, थोडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि मूठभर चाळलेलं कंपोस्ट घ्या. विटांची पूड चाळून काढून टाका. सगळ्यात महत्त्वाचं काम तेच आहे, कारण पूड राहिली की पोकळ्या बुजतात. झाड हलणार नाही असं तारेने बांधा, एकदा भरपूर पाणी द्या आणि भोकांतून ते निथळून जाऊ द्या. त्यानंतर बोटाचं पेर मातीत घालून वरचा भाग कोरडा लागला तरच पाणी द्यायचं, आणि सध्या ते पावसाचं साठवलेलं असू द्या. झाड गॅलरीत सावलीत पण भरपूर उजेडात ठेवा, थेट उन्हात नको. नवी पानं येईपर्यंत खत नाही, छाटणीही नाही. श्रावणातली ही उबदार, दमट हवा फायकसला मुळं फुटायला चांगली असते. पाच-सहा आठवडे लागू शकतात. पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. तुम्ही बागेत तो पाहिलाच असेल. ओल्या कापसाने पुसा आणि निंबोळी तेल फवारा.

हे मी नुसतं ऐकून सांगत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा आमची फायकसची झाडंही बुडाली. पाणी ओसरल्यावर जी लगेच उपसून नव्या भरीत लावली त्यातली बरीच फुटली. जी 'नंतर बघू' म्हणून तशीच राहिली ती गेली.

बोन्साय म्हणजे खुंटवलेलं झाड, घरात अशुभ, असं सासूबाई म्हणाल्या, हेही तुम्ही लिहिलंय. त्यांना माझा नमस्कार सांगा. बोन्सायला उपाशी ठेवत नाहीत. त्याला वेळेवर खत-पाणी देतात, मुळं छाटून दर दोन-तीन वर्षांनी नवी माती देतात. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटममध्ये एक जपानी पाइन आहे. तो १६२५ पासून कुंडीत आहे. १९४५ मध्ये हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा तो त्याच शहरात होता, वाचला, आणि १९७६ मध्ये यामाकी कुटुंबाकडून तो अमेरिकेला भेट म्हणून गेला. चारशे वर्षं जगलेल्या झाडाचा कुणी छळ केला असेल असं मला वाटत नाही.

झाड बदलून देण्याबाबत आमचं म्हणणं आजही तेच आहे. त्याच कपाटावर, त्याच कुंडीत दुसरं झाड ठेवलं तर त्याचंही हेच होईल, आणि एक झाड वाचण्यासारखं असताना दुसरं द्यायला माझं मन धजत नाही. त्याऐवजी हे झाड आमच्याकडे आणा. मुळं साफ करणं, नवी भर आणि झाड सावरेपर्यंत सांभाळणं, यातलं काहीही पैसे न घेता करीन. खोडापर्यंतच वाळलेलं निघालं तर तुमच्यासमोर खरवडून दाखवीन, आणि पैशांचं तेव्हा समोरासमोर बोलू.

सोमवारी नर्सरी बंद असते. इतर दिवशी सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर या, तेव्हा मी स्वतः असतो. येण्याच्या दोन दिवस आधीपासून पाणी घालू नका, म्हणजे मुळं सोडवायला सोपं जाईल. ती चकचकीत कुंडीही आणा, तिच्या बुडाला ड्रिलने भोकं पाडून देतो.