सांबाराचा वास आणि वाऱ्याचा हिशेब

नमस्कार भाऊ,

फवारणीच्या ड्रोनवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. भाऊंच्या शेजाऱ्यानं पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, ड्रोननं फवारा मारला आणि धुऱ्याच्या (बांधाच्या) या बाजूला भाऊंच्या सांबाराला, म्हणजे कोथिंबिरीला, औषधाचा वास मारू लागला. बाजारात न्यायला झालेला अख्खा वाफा त्यांनी उपटून फेकला. मी लेखात लिहिलं होतं की पंख्यांचा वारा औषध खाली पिकावर दाबतो. त्यावर भाऊ विचारतात, "खाली दाबते त माह्या वाफ्यात कसं आलं? अन् विद्यापीठात वाऱ्याचा अभ्यास करून कोनाचं पोट भरते?"

पहिल्या सवालात तुम्ही मला पकडलं. माझं वाक्य अर्धवट होतं.

ड्रोन जागेवर तरंगत असेल तेव्हाच ते खरं. भरलेल्या टाकीसह 25 किलोचा ड्रोन धरा, 60 सेंटिमीटरचे सहा पंखे. एवढं वजन हवेत धरायचं तर पंख्यांना सेकंदाला साधारण 8 मीटर वेगानं हवा खाली ढकलावी लागते. पण फवारताना तो थांबत नाही, सेकंदाला चार-पाच मीटरनं पुढं पळतो. मग हवेचा तो खांब मागं कलतो आणि दोन्ही कडांना हवा गुंडाळून वर चढते. उन्हाळ्यात वावरात वावटळ उठते ना, तीच आडवी पाडली तर जशी दिसेल तशी. बारीक थेंब त्यात सापडला की पिकाकडं जायचं विसरतो.

आणखी एक गोष्ट, जी हिशेब मांडेपर्यंत माझ्याही ध्यानात आली नव्हती. टाकीतलं 10 लिटर संपत आलं की वजन 15 किलोवर येतं. तेवढं पेलायला पंख्यांना कमी हवा ढकलावी लागते, सेकंदाला सव्वासहा मीटरच्या आसपास. म्हणजे टाकी रिकामी होत जाते तसा खालचा दाब कमी होतो, ड्रोनचा वेग मात्र तोच. तुमचा वाफा त्या दिवशी शेवटच्या फेरीच्या बाजूला होता का, हे जरा आठवून पाहा.

पण खरा चोर थेंबाचा आकार आहे. हवेत पडणाऱ्या बारीक थेंबाचा वेग त्याच्या जाडीच्या वर्गावर ठरतो. जाडी निम्मी झाली की पडण्याचा वेग पावपट. 100 मायक्रॉनचा थेंब, म्हणजे जवळपास केसाच्या जाडीचा, सेकंदाला पाव मीटरच उतरतो. दोन मीटर खाली यायला त्याला आठ सेकंद लागतात. पऱ्हाटीची पानं हलतील न हलतील एवढा, सेकंदाला दोन मीटरचा वारा असला तरी तेवढ्यात तो 16 मीटर सरकला. 50 मायक्रॉनचा असेल तर 50 मीटरच्या पुढं गेला. 300 मायक्रॉनचा मात्र तीन-चार मीटरमध्ये जमिनीवर. त्यात आपल्याकडची कोरडी हवा. दुपारी फवारलं तर मोठा थेंबही वाटेतच सुकून बारीक होतो आणि उडायला लागतो. आजी तिवईवर उभी राहून धान्य उपणायची तेव्हा भुसा कुठं पडेल हे तिला सूप हलवायच्या आधी ठाऊक असायचं. इथं आपणच भुशाएवढे हलके थेंब करतो आणि ते दाण्यासारखे पायाशी पडतील अशी आशा धरतो.

हे मी नुसतं कागदावर मांडलेलं नाही. मी तालुक्याच्या कॉलेजात शिकवतो. गेल्या पावसाळ्यात पोरांना घेऊन एका ओळखीच्या वावरात गेलो आणि टाकीत साधं पाणी भरून ड्रोन उडवायला लावला. पाणी पडलं की पिवळ्याचा निळा होणारा एक कागद मिळतो. त्याच्या पट्ट्या काडीला टोचून धुऱ्यापलीकडे दर पाच मीटरवर लावल्या. पाचवरची पट्टी निळीशार, दहावर शिंतोडे, आणि पंधरावर अगदी टाचणीच्या टोकाएवढे ठिपके. एक पोरगी ती पट्टी उन्हाकडं धरून म्हणाली, "सर, हे तर दिसतच नव्हतं." उडतं ते औषध दिसत नाही. म्हणूनच तुमच्या शेजाऱ्याला तुमची तक्रार खोटी वाटली असेल.

आता पोटाचा सवाल. माझं भरतं, पगार मिळतो, तो टोमणा मान्य. पण पंख्यातून हवा किती जोरात जाते हा हिशेब रँकिन नावाच्या इंजिनिअरनं 1865 साली मांडला तो जहाजाला पाण्यात ढकलणाऱ्या पंख्यासाठी. बारीक गोळ्याला हवेचा अडथळा किती, हे स्टोक्स नावाच्या गणितज्ञानं 1851 मध्ये काढलं ते लंबकांच्या अभ्यासात. दोघांपैकी एकानंही पऱ्हाटी पाहिली नसेल. मी शिकलो त्या विद्यापीठात वाऱ्याच्या बोगद्यात विमानाच्या पंखावर लोकरीचे तुकडे चिकटवायचो. पंखाचा कोन वाढवत नेला की एका क्षणी सरळ झोपलेले धागे उलटे फिरून फडफडायला लागत, म्हणजे हवेनं पंख सोडला. दोन वर्षं मी तेच पाहिलं. थेंबाचा प्रश्न मला तिथं कुणी विचारला नाही, हेही खरं.

विचारायला हवा होता. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसेक माणसं विषबाधेनं गेली. कारणं बरीच होती, त्यात औषधं होती, अंगावर धड कपडे नसणं होतं, आणि डोक्याएवढ्या वाढलेल्या पऱ्हाटीत तोंडासमोर नोझल धरणंही होतं. शेवटचं कारण सरळ हवेच्या अभ्यासातलं आहे. तेव्हा विद्यापीठातले लोक वावरात येत नाहीत हा तुमचा राग असेल, तर मीही तुमच्याच बाजूनं आहे. हवेचा अभ्यासच फुकटचा, हे मात्र मान्य नाही.

शेजाऱ्याशी भांडण वाढवू नका. त्याला जाड थेंबाचं नोझल लावायला सांगा, सकाळी वारा मंद असताना मारायला सांगा, आणि वारा तुमच्याकडं येत असेल त्या दिवशी धुऱ्यालगतचे पिकाचे दोन-तीन पट्टे न फवारता सोडायला सांगा. ऐकलं नाही तर मला कळवा. पिवळ्या पट्ट्यांचं अर्धं पाकीट अजून शिल्लक आहे. तुमच्या पुढच्या सांबारात लावू, निळ्या झाल्या तर त्याच नेऊन दाखवू.