प्लगला करंट दिसला म्हणजे इग्निशन ठीक, असं नसतं

पावसाळी मासेमारीची बंदी उठून होड्या परत पाण्यात जाण्याच्या दिवसांत, मालवण-देवबागपासून हर्णैपर्यंत सगळीकडे एक मेसेज फॉरवर्ड होतो: "आउटबोर्ड मशीन सुरू होत नसेल तर प्लग चुलीवर लाल करून पॉलिश पेपर मारा. हेडला टेकवून करंट दिसला तर कार्बोरेटर खोला, नाही दिसला तर सीडीआय बदला. खारं लागलं असेल तर सगळीकडे डिझेल फवारा." चारही सल्ले कुठे ना कुठे चुकतात. (आउटबोर्ड म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन, करंट म्हणजे प्लगची ठिणगी, सीडीआय म्हणजे ती ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा.)

करंटचा मुद्दा आधी, कारण सगळं निदान त्यावरच घसरतं. मोकळ्या हवेत 1 मिमी गॅप ओलांडायला जेवढं व्होल्टेज लागतं, त्याच्या कितीतरी पट पिस्टनने दाबलेल्या मिश्रणात लागतं. त्यामुळे अशक्त कॉइलवरही हातातला प्लग चमकतो आणि सिलिंडरमध्ये गेला की गप्प बसतो. स्पार्क टेस्टर (मोठ्या गॅपवर ठिणगी तपासायचं साधन) घ्या, गॅप 7-8 मिमी ठेवा. निळा, टचटच वाजणारा स्पार्क हवा. बारीक नारिंगी असेल तर इग्निशन अजून संशयात आहे. टेस्टरचा क्लिप रंगावर नको, उघड्या धातूवर लावा. पेट्रोलचा पाइप आधी काढा आणि टेस्टर प्लगच्या भोकापासून लांब ठेवा, तिथून वाफ येत असते. दोरी ओढताना एकही प्लग वायर लोंबती ठेवू नये. वाट न मिळालेला करंट कॉइलचं इन्सुलेशन फोडतो.

करंट नाही म्हणून थेट सीडीआय? हे निदान फक्त दुकानदाराला परवडतं. दोन सिलिंडरच्या मशीनवर पहिला प्रश्न: करंट एकाच प्लगला नाही, की दोघांनाही? एकालाच नसेल तर त्याची कॅप, वायर, इग्निशन कॉइल पाहा. कॅप फिरवून काढा, तांबं हिरवं दिसलं तर वायर 5 मिमी कापून परत बसवा. रेझिस्टर कॅप असेल तर मीटरवर साधारण 5 किलोओहम यायला हवेत. दोन्ही प्लगला करंट नसेल तर मशीन आपोआप बंद करणाऱ्या सुरक्षा दोरीची क्लिप बसली आहे का ते बघा (हसू नका), मग स्टॉप बटणाची तार सीडीआयपासून सोडून परत ओढा. करंट आला तर दोष बटणात किंवा वायरिंगमध्ये. मात्र तार सुटी असताना मशीन बटणाने बंद होत नाही, चोक ओढून थांबवावं लागतं. एवढ्यानेही करंट नसेल तर ब्लॉकवरचे अर्थिंगचे बोल्ट खोलून घासा, मग फ्लायव्हीलखालची चार्ज कॉइल (सीडीआयला वीज देणारी) आणि पल्सर कॉइल (ठिणगीची वेळ सांगणारी) मॅन्युअलमधल्या ओहमशी ताडून बघा. सीडीआय सगळ्यात शेवटी, तोही चालू मशीनवरचा उसना लावून.

प्लग चुलीत घातला तर पोर्सेलिनला तडा जाऊ शकतो. पॉलिश पेपरची कणी आत अडकून सिलिंडरमध्ये उतरते, ती वेगळीच. नवा जोड घाला. एनजीके कंपनीच्या बी7एचएस-10 या प्लगच्या नंबरातला 10 म्हणजे 1.0 मिमी गॅप. 7 च्या जागी 6 घातला तर प्लग जास्त गरम चालतो. जुन्या प्लगवर मिठाची पांढरी खपली किंवा गंज असेल तर आत समुद्राचं पाणी गेलं असू शकतं, हेड गॅस्केट तपासल्याशिवाय दोरी ओढू नका.

डिझेलने मीठ विरघळत नाही, ते गोड्या पाण्यातच विरघळतं. उलट तेलाच्या थराखाली मीठ तसंच राहतं आणि तारांवरचे साधे रबरी बूट फुगतात. कनेक्टरवर सुकलेलं मीठ मे महिन्यात निमूट असतं. पावसाळ्यात हवेतली ओल खेचतं आणि करंट गळायला लागतो. मशीन बंद, बॅटरी सुटी, हवेचं तोंड झाकून मंद धारेने गोडं पाणी सोडा, नीट वाळवा, मग कनेक्टरमध्ये ओल रोखणारं डायइलेक्ट्रिक ग्रीस.

मेसेजमध्ये नसलेली एक शक्यता राहते. टेस्टरवर करंट दणदणीत, प्लग नवे, पेट्रोल ताजं, तरी मशीन दोरी उलटी हिसडते किंवा कार्बोरेटरमधून फटाके मारते. अशा वेळी फ्लायव्हील काढून ते शाफ्टवर जागेवर धरणारी छोटी धातूची चावी पाहा. ती अर्धवट कापली गेली की टायमिंग सरकतं. नवी चावी बसवा, टेपर (शाफ्टचं निमुळतं टोक) कोरडा पुसा आणि नट मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळा. ढिला राहिला तर ही चावीही कापली जाईल.